मदत हवी आहे: देवघरापुढच्या संगमरवराची गेलेली चकाकी

वडोदऱ्यात दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे, फरशी मकराण्याच्या (राजस्थान) संगमरवराची. देवघरापुढे वर्षानुवर्षं चिंच-लिंबाने तांब्याची भांडी घासली गेली, तिथे पांढुरके चट्टे पडलेत; हात फिरवला की खरखरीत लागतं. समईच्या तेलाचे डाग खायच्या सोड्याच्या लेपाने बरेच निघाले, चट्टे मात्र हलत नाहीत. आंबटाने दगडच खाल्ला गेलाय. एक कारागीर सगळ्या खोलीला डायमंड पॉलिश (हिऱ्याच्या कणांच्या चकत्यांनी मशीनने घासणं) सांगतो, दुसरा म्हणतो तेवढ्यावरच ऑक्झॅलिक पावडर मारू (ॲसिडवर पुन्हा ॲसिड? पटत नाही). घरात आजी आहे, त्यामुळे खोली रिकामी करता येणार नाही आणि घसरडी फरशीही नको. तेवढाच भाग ४०० ग्रिटपासून (ग्रिट म्हणजे घासायच्या पॅडच्या बारीकपणाचा आकडा) पाणी घालून घासला तर बाकीच्या फरशीशी जुळेल का? आणि कितव्या ग्रिटवर थांबावं?