'व्हॉटअबाउटिझम'ला मराठीत काय म्हणाल?

अनुस्वार
अनोळखी माणसांशी राजकारण, धर्म आणि खेळातली नीती या विषयांवर वाद कसा घालावा, यावरच्या पुस्तिकेचा अनुवाद चालू आहे. अडलंय 'व्हॉटअबाउटिझम'वर, म्हणजे आरोपाला उत्तर न देता "मग त्याचं काय?" असं उलट विचारण्यावर. चाळीसेक ठिकाणी येतो: कधी साधं नाम, कधी असं बोलणाऱ्याचं विशेषण, कधी तोंडावर फेकलेला आरोप. नमुने असे:

राजकारण: "तुमचं सरकार होतं तेव्हा काय झालं?"
धर्म: "आमच्याच ग्रंथातलं बरं दिसतं, त्यांच्या नाही?"
खेळ: १९८१ साली मेलबर्नला न्यूझीलंडला बरोबरीसाठी सहा धावा हव्या असताना ट्रेव्हर चॅपेलने शेवटचा चेंडू सरपटी टाकला, हा विषय निघाला की "आणि १९३२-३३ची बॉडीलाइन?" (फलंदाजाच्या अंगावर रोखलेली वेगवान गोलंदाजी)

'प्रत्यारोप' लिहिलं होतं, संपादकांनी कापलं. प्रत्यारोप खरा आणि विषयाला धरूनही असू शकतो. 'चोराच्या उलट्या बोंबा'त समोरचा चोर आहे हे आधीच ठरून जातं, ते धर्माच्या प्रकरणात नको. विभक्ती सहज लागेल असा एक शब्द सुचवा.

पंचावयव
शब्द तयार आहे: मतानुज्ञा. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्क आणि वादाच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, बावीस निग्रहस्थानं दिली आहेत, म्हणजे जिथे वादी हरला असं धरायचं त्या जागा. त्यातली ही एक. आपल्या पक्षावरचा दोष न खोडता तोच दोष समोरच्यावर टाकणं. टीकाकारांचं उदाहरण: "तू चोर आहेस, कारण तू पुरुष आहेस." त्यावर "मग तूही चोर." खरं उत्तर होतं "पुरुष असण्यावरून चोरी सिद्ध होत नाही". ते न देता उलटा वार केला, म्हणजे आपण चोर असल्याचं मुकाट्याने मान्य केलं. दुसऱ्याच्या मताला अनुज्ञा, म्हणून मतानुज्ञा.

साधंबोला
सरकारी मराठीने 'अनुज्ञप्ती' म्हणजे लायसन्स करून ठेवलंय. मतानुज्ञा वाचून निम्मे वाचक म्हणतील, मतदानाचा परवाना. लोक जे बोलतात तेच लिहा: 'तुमचंकाय'. तुमचंकायचा, तुमचंकायला, तुमचंकायवाले. झालं काम.

अनुस्वार
'तुमचंकाय' आवडला. पण पुस्तिका प्रमाणभाषेत आहे, तिथे 'तुमचेकाय' करावं लागेल आणि त्यात जीवच राहत नाही. शिवाय दुसरा नमुना 'त्यांचं काय' आहे, 'तुमचं' नाही.

पंचावयव
अनुस्वार, बरी आठवण केलीत. मतानुज्ञेतही दोष समोरच्याच पक्षावर टाकायचा असतो, तिसऱ्यावर नव्हे. तिसऱ्याचं काढलं तर ते अर्थान्तर, म्हणजे चालू विषयाशी संबंध नसलेलं बोलणं. तुमचा बॉडीलाइनचा नमुना तिथेच जातो. बॉडीलाइन इंग्लंडने ऑस्ट्रेलियाविरुद्ध वापरली, त्यात न्यूझीलंडवाल्याचं काय गेलं? इंग्रजी शब्दाने दोन वेगळे दोष एका पोत्यात भरलेत. मराठीने तेच पोतं उचलायचं कशाला?

तिसरा पंच
पोतं नको तर मुळात तो दोष आहे का हेही बघा. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर न्यूरेंबर्गला चाललेल्या खटल्यात जर्मन अ‍ॅडमिरल ड्यॉनिट्झच्या वकिलाने अमेरिकन अ‍ॅडमिरल निमित्झकडून लेखी जबाब आणला की पॅसिफिकमध्ये अमेरिकेच्या पाणबुड्यांनीही पहिल्या दिवसापासून अनिर्बंध युद्ध केलं, म्हणजे इशारा न देता व्यापारी जहाजंही बुडवली. न्यायालयाने तो बाजूला सारला नाही. पाणबुडी-युद्धाच्या नियमभंगावरून ड्यॉनिट्झची शिक्षा ठरवलेली नाही, असं १९४६च्या निकालपत्रात लिहिलंय. दहा वर्षं झाली ती इतर आरोपांखाली. म्हणजे 'तुम्ही पण'ने तो सुटला नाही, तरी शिक्षा मोजताना तो मुद्दा धरला गेला.
नियम खरंच पाळला जातो का, एवढाच प्रश्न असेल तर दुसऱ्याचं वागणं हा पुरावा असतो. "मी केलं ते योग्य होतं का" असा असेल तर नसतो.

पंचावयव
मान्य, आणि यालाही जुनं नाव आहे. जिथे निग्रहस्थान नाही तिथे ते आहे म्हणून ओरडणं हेसुद्धा निग्रहस्थानच: निरनुयोज्यानुयोग. कुणी रास्त तुलना मागितली आणि तुम्ही "व्हॉटअबाउटिझम!" म्हणून हात झटकलेत, तर हरलात तुम्ही. अनुस्वार, आरोप म्हणून शब्द येतो तिथे ही तळटीप घालाच.

साधंबोला
निरनुयोज्यानुयोग. तळटीप वाचायला दुसरी तळटीप लागेल.

जोडाक्षर
भांडणातले निम्मे शब्द अरबीतून फारसीमार्गे आलेत आणि कुणाचं अडलं नाही. हुज्जत म्हणजे मुळात पुरावा, आपण त्याची कटकट केली. तक्रार म्हणजे पुनरुक्ती, आपण त्याचं गाऱ्हाणं केलं. मुद्दा आणि दावा एकाच धातूचे. मग व्हॉटअबाउटिझमही येऊ दे, शंभर वर्षांत घासून 'वाटबोटी' होईल.

पंचावयव
तक्रार पुनरुक्तीवरून आली म्हणता, तर पुनरुक्त हेही निग्रहस्थान आहे बरं का. तेच तेच बोलणारा हरला.

जोडाक्षर
मग इथे सगळेच हरलेत.

ऱ्हस्वदीर्घ
मला 'वितंडा' का चालू नये कळत नाही. सगळ्यांना माहीत आहे.

पंचावयव
माहीत आहे ते चुकीचं. सूत्रात वाद, जल्प, वितंडा अशी उतरंड आहे. वादात प्रमाण आणि तर्क. जल्पात जिंकण्यासाठी छल, म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ काढणं, वगैरेही चालतं. वितंडेत स्वतःचा पक्ष मांडायचाच नाही, फक्त समोरच्याचा पाडायचा. 'वितंडवाद' म्हणजे निरर्थक भांडण हा अर्थ मराठीत नंतर चिकटला.

ऱ्हस्वदीर्घ
चिकटला म्हणजे झाला. मराठीत शब्दाचा अर्थ मराठी माणूस ठरवणार, सूत्रकार नव्हे. आणि सूत्रकारांनीच जल्प-वितंडेचा उपयोग सांगितलाय: कोवळ्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात तसा. एवढं तुच्छतेने घेऊ नका.

पंचावयव
कुंपण रोपासाठी असतं. रोप नसताना नुसतं कुंपण घालत बसणाऱ्याला काय म्हणायचं, हाच तर प्रश्न आहे.

तिसरा पंच
खेळातल्या नमुन्याबद्दल एक सूचना, अनुस्वार. बॉडीलाइन काढून 'मंकड' घ्या. विनू मंकड यांनी १९४७ साली सिडनी कसोटीत बिल ब्राउनला, चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडली म्हणून, नॉन-स्ट्रायकर टोकाला (गोलंदाजाच्या बाजूला) धावबाद केलं, आणि आजही असं कुणी केलं की वाद साधारण याच क्रमाने घसरतो: (१) नियमात आहे, (२) खिलाडूवृत्तीत नाही, (३) तुमच्या गोलंदाजाने केलं तेव्हा? तिसरी पायरी आली की दुसरीचं उत्तर कधीच मिळत नाही. अडवायचं असेल तर वाक्य ठरलेलं ठेवा: "त्यानेही केलं असेल तर तेही याच मापाने मोजू. आधी माप सांगा." माप म्हणजे इथे एवढंच की फलंदाज लवकर क्रीज सोडून फायदा घेत होता की नाही.
आणि १ ऑक्टोबर २०२२पासून हा प्रकार 'अनुचित खेळ' या ४१व्या नियमातून काढून सरळ 'धावबाद'च्या ३८व्यात टाकलाय, हे लिहा. नाहीतर वाचक जुन्या नियमावर भांडत बसतील.

जोडाक्षर
मग 'मंकडिंग' शब्दही काढा. नियमाने बाद केलं त्यांचंच नाव आरोपासारखं वापरायचं?

तिसरा पंच
काहींच्या लेखी तो गौरव आहे.

जोडाक्षर
चॅपेलच्या नावाने सरपटी चेंडूला कुणी 'चॅपेलिंग' म्हणत नाही. तेव्हा तोही नियमात बसत होता.

ऱ्हस्वदीर्घ
हे आत्ता तुम्ही जे केलंत, त्यालाच नाव शोधतोय आपण.

जोडाक्षर
नाही. मी माप एकच ठेवा म्हणतोय. वर ड्यॉनिट्झचं वाचा.

अनुस्वार
तूर्तास नामाला 'तुमचंकाय' अवतरणात, तिसऱ्याचं काढलं तर 'फाटे फोडणे', आणि मतानुज्ञा परिशिष्टात. विशेषण अजून अडलंय. 'तुमचंकायवाला' संपादकांना चालणार नाही.

साधंबोला
'फाटेफोड्या' घ्या.

पंचावयव
फाटे फोडणारा विषय वाढवतो, मतानुज्ञा करणारा तो उलटवतो. एक नव्हे.

ऱ्हस्वदीर्घ
या सगळ्या काथ्याकुटापेक्षा...

जोडाक्षर
काथ्याकूट निरर्थक कसा? नारळाची सोडणं कित्येक महिने पाण्यात कुजवून मग कुटतात, त्याशिवाय तंतू सुटत नाहीत आणि दोर वळता येत नाही. हा अर्थ कुणी उलटा केला ते आधी सांगा.

पंचावयव
भिजवल्याशिवाय कोरडाच कुटला तर नुसता भुसा पडतो. अर्थ तिथून आला असणार.

जोडाक्षर
'असणार' हे प्रमाण नव्हे. आधार द्या.