व्हिडिओतली हलगी फोनवर कापून गाणं करायचं, तर वाजवणाऱ्याला विचारायला हवं

नदीकाठ

पुण्यात फोनवर बीट करणारी पोरं आता पेठांपासून वाघोलीपर्यंत सगळीकडे भेटतात. कोआला, बँडलॅब, गॅरेजबँड यांतलं एखादं अ‍ॅप प्रत्येकाकडे असतंच. पद्धतही साधारण एकच. ऑनलाइन व्हिडिओ लावायचा, स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करायचं, हलगीचा किंवा संबळाचा चांगला तुकडा पकडायचा, पॅडवर टाकून कापायचा, पिच खाली ओढायचा आणि त्यावर आपले बोल म्हणायचे. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून फोनमधला आवाज फोनमध्येच टिपता येऊ लागला, त्यामुळे केबलचीही गरज उरली नाही. पीएमटीत उभ्याउभ्या बीट तयार होतो.

घरी शिकण्यासाठी, हात बसवण्यासाठी काहीही कापा. पण गाणं लोकांसमोर आणायचं असेल, तर व्हिडिओत वाजवणाऱ्या माणसाला विचारावं आणि गाण्याबरोबर त्याचं नाव द्यावं, असं माझं ठाम मत आहे.

कारण सांगतो. कंपनीच्या गाण्याला हात लावायला हीच पोरं घाबरतात. व्हिडिओ टाकला की कंटेंट आयडी, म्हणजे यूट्यूबची गाणी ओळखणारी यंत्रणा, ते गाणं ओळखतो, पिच बदलला तरी बऱ्याचदा ओळखतो, आणि क्लेम, म्हणजे मालकीचा दावा, येतो. पोतराज, वासुदेव, गोंधळी यांचं कुणीतरी येताजाता केलेलं चित्रण मात्र कुठल्याच यादीत नसतं. तिथून उचललेलं कुणी पकडत नाही. म्हणजे आपण फक्त ताकदवानाचा हक्क पाळतोय, आणि मला हे सहन होत नाही.

१९६९ साली 'द विन्स्टन्स' या अमेरिकी बँडच्या 'आमेन, ब्रदर' या गाण्यात ग्रेगरी कोलमन यांनी जेमतेम सहा-सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा वाजवला. पुढे तो हजारो गाण्यांत वापरला गेला. २००६ साली कोलमन गेले तेव्हा त्यांना राहायला घर नव्हतं, आणि त्या तुकड्याचा एक पैसाही त्यांना कधी मिळाला नव्हता. २०१५ साली चाहत्यांनी वर्गणी काढून पैसे दिले ते बँडच्या प्रमुखाला. वाजवणारा तोवर उरलाच नव्हता. आपल्याकडे असे किती कोलमन जत्रेत वाजवत असतील?

लूपवाला_येरवडा

दादा, तुम्ही तळमळीने लिहिलंय हे दिसतं. पण मला पटत नाही.

पहिली गोष्ट, विचारायचं कुणाला? व्हिडिओचं शीर्षक असतं 'जबरदस्त हलगी, एकदा ऐकाच'. खाली ना गावाचं नाव, ना वाजवणाऱ्याचं. चॅनलवाल्याने त्या माणसाला विचारलं होतं का? जाहिरातीचे पैसे त्याला जातात. त्याला कुणी जाब विचारत नाही, आणि आमच्यासारख्या पोरांना नीतीचे धडे.

दुसरं, तुम्ही म्हणता तसं वागायचं तर स्टुडिओ, माइक, वादकाचं मानधन, गाडीभाडं असा सगळा खर्च आला. आमच्या वस्तीत एक फोन चौघांत फिरतो. ऑनलाइन व्हिडिओ हीच आमची लायब्ररी आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७३ च्या आसपास हिपहॉप सुरू झालं तेच दुसऱ्यांच्या रेकॉर्ड्सवर. वाद्यं घ्यायला पैसे असते तर कदाचित ते संगीत जन्मालाच आलं नसतं. कोलमन यांच्यावर अन्याय झाला हे मान्य. पण त्या तुकड्याशिवाय 'जंगल' आणि 'ड्रम अँड बेस' हे इलेक्ट्रॉनिक संगीताचे अख्खे प्रकार उभे राहिले नसते, हेही खरं आहे ना?

आणि लोकसंगीत कधी विचारून पुढे गेलंय? ठेका एका हातातून दुसऱ्या हातात जातो. गणपतीत पथकं सिनेमाच्या चालींवर वाजवतात, तेव्हा कोण कुणाला पत्र लिहितं?

मेधा_कर्वेनगर

कॉपीराइट हा माझ्या कामाचा भाग आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

लूपवाला, तुम्ही ठेका आणि ध्वनिमुद्रण एकत्र करताय. पारंपरिक ठेका कुणाच्याही मालकीचा नाही. तुम्ही स्वतः हलगी घेऊन तोच ठेका वाजवा, कुणीही अडवणार नाही. व्हिडिओतून कापलेला तुकडा मात्र एका माणसाने एका दिवशी वाजवलेला असतो. तिथे दोन हक्क येतात. चित्रण करणाऱ्याचा ध्वनिमुद्रणावरचा आणि वाजवणाऱ्याचा सादरीकरणावरचा. आपल्या १९५७ च्या कायद्यात सादरकर्त्याची व्याख्या करताना गायक-वादकांच्या बरोबरीने कसरत करणारा, जादूगार आणि गारुडी यांचीही नावं घेतली आहेत. रस्त्यावरच्या कलावंताचा विचार कायद्याने केलेला आहे. २०१२ च्या दुरुस्तीने त्याला आणखी दोन गोष्टी दिल्या. सादरीकरणाबरोबर आपलं नाव यावं असा आग्रह धरता येतो, आणि प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मोडतोड झाली तर ती थांबवता येते.

'पाच सेकंदांपर्यंत चालतं' हे मी कॉलेजच्या पोरांकडून सारखं ऐकते. असा कुठलाही नियम भारतात नाही. खासगी वापर, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन यांना सवलत आहे. विक्रीसाठी गाणं करणं त्यात बसत नाही.

परदेशातही चित्र एकसारखं नाही. क्राफ्टवेर्क या जर्मन गटाच्या १९७७ च्या रेकॉर्डमधला सुमारे दोन सेकंदांचा तुकडा १९९७ साली एका रॅप गाण्यात लूप करून वापरला. त्यावर २०१९ साली युरोपियन न्यायालय म्हणालं की कानाला ओळखू येणारा तुकडा कितीही लहान असला तरी परवानगी हवी. ओळखूच येणार नाही इतका बदललेला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. अमेरिकेत २००५ साली एका अपील न्यायालयाने 'परवाना घ्या, नाहीतर सॅम्पल करू नका', म्हणजे दुसऱ्याच्या मुद्रणातला तुकडा उचलू नका, असा कडक पवित्रा घेतला, तर २०१६ साली दुसऱ्याने पाव सेकंदाहून छोट्या तुकड्याला माफ केलं.

लूपवाला_येरवडा

ताई, म्हणजे मी तो आवाज उलटा करून, ताणून, दळून पार वेगळा केला तर युरोपात चालेल. मग इथे का नको? मी तेच करतो. माझ्या बीटमधली हलगी ऐकून तिच्या वाजवणाऱ्यालाही ओळख पटणार नाही.

मेधा_कर्वेनगर

इथे त्यावर तसा ठाम निवाडा माझ्या पाहण्यात नाही, म्हणून 'चालेल' असं मी म्हणणार नाही. पण इतकं दळायचंच असेल तर मुळात ती हलगीच कशाला हवी? पत्र्याच्या डब्यावर काठी मारूनही तो आवाज मिळेल. हलगी लागते ती हलगी म्हणून ऐकू यावी यासाठीच.

ताशा_सदाशिव

मी ढोल-ताशा पथकात वाजवते. वर पथकांचा विषय निघाला म्हणून लिहितेय.

आम्ही सरावाचा एक व्हिडिओ टाकला होता. त्यातला ताशाचा उठाव कुणीतरी कापला, त्यावर गाणं केलं आणि गाणी ऑनलाइन पोचवणाऱ्या एका वितरण सेवेमार्फत ते सगळ्या अ‍ॅपांवर लावलं. लावताना कंटेंट आयडीचा पर्यायही निवडला. झालं काय, की यंत्राने त्या गाण्याचा ठसा नोंदवून घेतला आणि आमच्याच मूळ व्हिडिओवर क्लेम आला! आमचा ताशा, आमचे हात, आणि कागदोपत्री मालक दुसराच. आम्ही हरकत नोंदवली, मूळ चित्रण आधीच्या तारखेचं आहे हे दाखवलं, तेव्हा क्लेम सुटला. पण विसर्जनाच्या आधीच्या ऐन दिवसांत पथकाची पोरं सराव सोडून हे करत बसली होती.

लूपवाला, तुम्ही असं केलंय असं मी म्हणत नाही. पण 'फक्त एक तुकडा तर घेतला' याचा शेवट कधीकधी असा होतो. यंत्राला आधी कोण आणि नंतर कोण ते कळत नाही. ज्याने नोंदणी केली तो त्याच्या लेखी मालक.

सिनेमाच्या चालींचं म्हणाल, तर चाल आम्ही आमच्या हातांनी वाजवतो. कुणाचं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावून त्यापुढे नुसते उभे राहत नाही.

फेडर_डहाणूकर

कायदा, नीती सगळं ठीक, मला आवाजाबद्दल बोलू द्या. लाइव्ह कार्यक्रमांचं साउंड करतो.

ऑनलाइन व्हिडिओचा आवाज आधीच दाबलेला असतो. साधारण १२८ केबीपीएसच्या एएसी (आवाज दाबून लहान केलेल्या) फाइलमध्ये १६ किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेक काही उरत नाही. ताशा आणि झांज यांची सगळी धार वरच्या पट्टीत असते, त्यामुळे सगळ्यात जास्त मार त्यांनाच बसतो. झांजेचा खणखणाट राहत नाही, पाण्यात बुडवल्यासारखी सळसळ येते. त्यात तुम्ही तुकडा एक सप्तक खाली ओढलात की वरची मर्यादा आठ किलोहर्ट्झवर येते. मग तक्रार करता की मिक्स बसत नाही.

त्यापेक्षा स्वतः रेकॉर्ड करा. ऑगस्टमध्ये संध्याकाळी नदीपात्राकडे जा, पथकप्रमुखाला विचारा, बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. ढोलाच्या तोंडाशी फोन धरू नका. फोनचा माइक आपोआप आवाज कमी-जास्त करतो, आणि पहिलं टिपरू पडलं की मागचं सगळं दबून जातं. पंधरा-वीस फूट मागे उभे राहा, वाऱ्याकडे पाठ करा, लेव्हल हाताने लावता येईल असं अ‍ॅप घ्या, वेव्ह, म्हणजे न दाबलेली, फाइल निवडा. एकाच वादकाकडून एकेक टिपरू, एकेक थापी वेगवेगळी वाजवून घ्या, प्रत्येक आघात पूर्ण विरेपर्यंत थांबा. अशा वीस आघातांवर वर्षभर बीट करता येतील. बरा माइक हवाच असेल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चक्कर मारा, फार खर्च येत नाही.

लूपवाला_येरवडा

फेडर काका, माहितीबद्दल मनापासून आभार, एकेक आघाताचं नक्की करून बघणार. पण तुम्हाला जो बिघाड वाटतो तोच मला हवा असतो. दाबलेला, खरखरीत, लांबून कुणीतरी फोनवर टिपलेला आवाज. त्यात गर्दी असते, मध्येच कुणी हाक मारतं, भोंगा वाजतो. स्वच्छ वेव्ह फाइलमध्ये ती जागा येत नाही.

जुनाबाजार_रेकॉर्ड

मी अनेक वर्षं ७८ गतीच्या तबकड्या जमवतो. सॅम्पल करण्याच्या मी बाजूने आहे, आणि नदीकाठ यांच्या धाग्याने पोरं घाबरून जुन्या आवाजांपासून लांब पळतील याची मला भीती वाटते.

कायदा इतका आवळलेला नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. आता 'मानापमान' घ्या, १९११ चं नाटक. पदं खाडिलकरांची, ते १९४८ साली गेले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते १९५५ साली गेले. दोघांचेही हक्क संपले. त्या पदांच्या बालगंधर्वांच्या काळातल्या तबकड्या भारतात मोकळ्या आहेत. त्यातली ऑर्गनची एक लांब ओढ, सारंगीचा एक सूर घ्या आणि काय वाटेल ते करा. अशी शेकडो मुद्रणं लोकांनी तबकड्यांवरून उतरवून ऑनलाइन टाकली आहेत. ती ऐकली गेली पाहिजेत, वापरली गेली पाहिजेत. कपाटात ठेवून या लाखेच्या तबकड्यांचे तुकडेच होणार आहेत.

तबकडीच्या लेबलवर गायकाचं नाव असतं. ते मात्र द्या.

मेधा_कर्वेनगर

काका, उदाहरण अगदी बरोबर. एक भर घालते. गाणं वितरणाला दिलं की ते जगभर जातं, आणि अमेरिकेत १९२३ ते १९४६ मधल्या मुद्रणांना १०० वर्षांचं संरक्षण आहे. शिवाय यूट्यूब तिथून फाइल उतरवून घ्यायला स्वतःच्या अटींनी मनाई करतं, ती गोष्ट कॉपीराइटपेक्षा निराळी. म्हणून तबकडी हाताशी असेल तर थेट तिच्यावरूनच घ्यावं. ज्यांना ऑनलाइनच हवं त्यांनी क्रिएटिव्ह कॉमन्सची खूण (ठरावीक अटींवर वापरायला आधीच दिलेली परवानगी) असलेले व्हिडिओ शोधावेत, किंवा बार्सिलोनाच्या विद्यापीठातून २००५ पासून चालणारं फ्रीसाउंड हे आवाजांचं संकेतस्थळ बघावं. तिथे प्रत्येक आवाजाखाली अट लिहिलेली असते.

नदीकाठ

काका, तबकड्यांना माझा विरोध नाहीच. ते कलावंत नावारूपाला आलेले होते आणि कायद्याने ठरवलेली मुदत संपली आहे. मी बोलतोय तो माणूस आज जिवंत आहे, बहुधा पुढच्या जत्रेतही वाजवणार आहे आणि त्याचा आवाज कुणाच्या तरी गाण्यात फिरतोय हे त्याला माहीतच नाही.

लूपवाला, 'विचारायचं कुणाला' या प्रश्नाला वजन आहे. पण व्हिडिओखाली 'हे दादा कुठले?' एवढं विचारून बघा. गावाकडची माणसं लगेच ओळखतात, कमेंटमध्ये उत्तर येतं, कधी नंबरही मिळतो. मग एक फोन करायचा. गाण्यातून पैसे आले तर वाटा किती, ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ठेवायचं.

लूपवाला_येरवडा

ताशाताईंची गोष्ट वाचून एवढं सांगतो की दुसऱ्याचा तुकडा असलेलं गाणं मी कंटेंट आयडीला कधीच देणार नाही, आणि आमच्या ग्रुपवरही हे टाकतो. नाव कळलं तर देईन, फोन लागला तर करेन.

पण नाव कळलंच नाही तर तो तुकडा टाकून द्यायचा, हे मला मान्य नाही. मी वर्णनात मूळ व्हिडिओचं शीर्षक आणि कितव्या मिनिटाला तो आवाज आहे ते लिहीन. कुणी पुढे आलं तर त्याच्याशी बोलीन. तोवर गाणं बाहेर राहील.

ताशा_सदाशिव

'कुणी पुढे आलं तर' यात सगळं ओझं वाजवणाऱ्यावर पडतं ना? त्याला आधी तुमचं गाणं ऐकू यायला हवं, त्यात आपला हात ओळखता यायला हवा, वर तुम्हाला गाठताही यायला हवं. आम्ही शहरातलं पथक, पोरं शिकलेली, तरी आम्हाला इतका त्रास झाला.

लूपवाला_येरवडा

ताई, मग पैसे घेणार नाही. नाव न कळलेला तुकडा असलेलं गाणं फुकट ठेवीन, जाहिराती बंद. यापुढे जाऊन गाणंच करू नको म्हणाल, तर नाही ऐकणार.

नदीकाठ

फुकट ठेवलं तरी नाव तुमचंच होतं, कार्यक्रम तुम्हालाच मिळतात. माझी हरकत कायम आहे. येत्या रविवारी नदीपात्रात सराव सुरू असेल, फेडर आणि मी रेकॉर्डिंगला जातोय. तुम्हीही या, तिथे समोरासमोर भांडू.