बाळाच्या खोलीत ढेकूण झालेत, गोळ्या ठेवू का?

पूर्वभागातली:
सोलापुरात अशोक चौकाच्या मागं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर आहे आमचं. नणंद बाळंतपणाला आली आहे, बाळ अडीच महिन्यांचं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले तेव्हा माळ्यावरच्या वाकळा, गाद्या सगळ्या खाली निघाल्या. ढेकूण त्यात होते की पाहुण्यांच्या पिशव्यांतून आले, देव जाणे. गेल्या महिन्यापासून बाळाच्या पाठीवर, दंडावर ओळीनं लाल गाठी उठायला लागल्या. आम्ही डास समजून मच्छरदाणी लावली. परवा रात्री तीनला बाळ रडलं म्हणून बॅटरी लावली, तर उशीच्या अभ्र्यावर तीन ढेकूण. एक चिरडला तर रक्त आलं. बाळाचं रक्त. तेव्हापासून सासूबाई आणि मी आळीपाळीनं जागतोय.

लोखंडी कॉट आहे, कापसाच्या दोन गाद्या. स्प्रे दोनदा मारला, आठवडाभर बरं वाटतं, पुन्हा तेच. शेजारच्या काकूंनी धान्यात ठेवायच्या गोळ्या दिल्यात. खोली बंद करून ठेव, रात्रीपुरतं पुढच्या खोलीत झोपा म्हणाल्या. पुडी फळीवर आहे. ठेवू का? लवकर सांगा की ओ.

निवृत्त_नर्स:
ताई, नको! या गोळ्या बहुतेक अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या असतात. हवेतली ओल लागली की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो, आणि तो पत्र्याच्या फटींतून पुढच्या खोलीतही येतो, काकूंच्या घरातही जातो. त्यावर उतारा नाही. ढेकणांसाठी, उंदरांसाठी घरात अशा गोळ्या ठेवून झोपेत लेकरं गेल्याच्या घटना आपल्या देशात वारंवार घडल्या आहेत. पुडी आत्ताच्या आत्ता कोरड्या हातानं घराबाहेर न्या, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा कोरड्या जागी ठेवा आणि दुकानात परत द्या. पाण्यात, मोरीत टाकू नका.

ढेकूण चावून आजार पसरतो असं सिद्ध झालेलं नाही, ती भीती सोडा. बाळाची नखं कापा. गाठ चिघळली किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. बाळाच्या अंथरुणावर स्प्रे अजिबात नको.

जुळे_सोलापूर:
मी दोन वर्षांपूर्वी यातून गेलोय. स्प्रेनं अंडी मरत नाहीत, म्हणून पुन्हा होतात. अंडं मिलिमीटरभर, पांढरं, फटीत चिकटलेलं असतं. आठ-दहा दिवसांत फुटतं. शिवाय पुष्कळ ढेकणांना नेहमीच्या औषधांची सवय झालेली असते. पन्नास अंशांच्या वर मात्र ढेकूण टिकत नाही आणि अंडंही टिकत नाही.

कॉट अंगणात काढा. पायांची प्लास्टिकची बुचं उपसा. आमच्याकडे सगळी वस्ती तिथंच होती, पोकळ पाइपात. गादी मी उगाच आठ वेळा झाडली. पाइपात, सांध्यांत, जोडाजोडांत उकळतं पाणी ओता, बाळाला लांब ठेवून. लाकडी फळ्या असतील तर वाफ द्या. रॉकेल ओतून आग मात्र लावून घेऊ नका.

गादी नुसती उन्हात टाकली तर ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात आणि मधला कापूस तापतच नाही. खोलीतच पिशवीत बांधून पिंजाऱ्याकडे न्या, त्याला आधी सांगा. खोळ उकळा, मोकळा कापूस काळ्या प्लास्टिकखाली पत्र्यावर पसरा. सोलापूरचं एप्रिलचं ऊन आपल्या कामी येऊ द्या.

हे सगळं दहा दिवसांनी पुन्हा, आणि त्यानंतर आणखी एकदा. मधल्या काळात कॉट भिंतीपासून हातभर लांब ठेवा, चादर खाली लोंबू देऊ नका, प्रत्येक पायाखाली साबणाच्या पाण्याची गुळगुळीत वाटी. ढेकणाला उडता येत नाही, उडी मारता येत नाही. पाणी दर तीन दिवसांनी बदला, नाहीतर डासांच्या अळ्या होतील.

पूर्वभागातली:
पुडी परत दिली. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, एवढ्या चादरी उकळायच्या कशा?

जुळे_सोलापूर:
सगळं एकदम नको. ज्यावर झोपता तेवढंच आधी. बाकीचे कपडे-चादरी घट्ट गाठ मारलेल्या पिशव्यांत ठेवा आणि पाण्याच्या दिवशी एकेक पिशवी काढा. पिशवी विसरून मात्र चालणार नाही, ढेकूण उपाशीपोटी कित्येक महिने जगतो. आणि एक विचारतो, राग मानू नका: काकूंच्या घरी गोळ्या कशाला होत्या?

पूर्वभागातली:
तेव्हा तुमचं वाचून गप्प बसले होते, आज सोळाव्या दिवशी लिहितेय. काकूंना विचारलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांच्याकडेही होते, वर्षभर. सांगायची लाज वाटत होती. आमची भिंत एकच, वरच्या वाशाच्या भोकांतून ये-जा चालू होती. दोघींनी मिळून भोकं सिमेंटनं बुजवली, दोन्ही घरच्या कॉट एकाच दिवशी बाहेर काढल्या. बुचं उपसल्यावर आमच्या एका पायातून मूठभर काळी घाण आणि जिवंत ढेकूण पडले, सासूबाईंनी पातेलंभर उकळतं पाणी त्यावरच ओतलं.

पहिल्या चार दिवसांत वाट्यांत अकरा सापडले. दुसरी फेरी परवा झाली, त्यानंतर दोनच. बाळाच्या पाठीवर नवी गाठ नाही. काल रात्री मी पाच तास सलग झोपले. तिसरी फेरी पुढच्या आठवड्यात, नळाला पाणी येईल त्या दिवशी. काकूंनी मोठं पातेलं आजच आणून ठेवलंय.