प्रोपेन बर्नर गेला, आता २४ लिटरला उकळी कशी आणू? (मदत हवी आहे)

सहा वर्षं मागच्या अंगणात प्रोपेनच्या बर्नरवर बिअर केली. यंदा अपार्टमेंटमध्ये आलो (न्यू जर्सी, तिसरा मजला). करारात स्पष्ट लिहिलंय, बाल्कनीत सिलिंडर नाही, उघडी ज्योत नाही. घरात बर्नर पेटवायचा वेडेपणा करणार नाही, तेव्हा तो सल्ला कृपया नको. कायद्याचा मुद्दा कोणीतरी काढणारच, म्हणून आधीच सांगतो: घरच्यापुरती वर्षाला १०० गॅलन (घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००) बिअर करायला अमेरिकेचा १९७८ चा केंद्रीय कायदा मुभा देतो. आणि मी आंबवतो, गाळत नाही.

५ गॅलनची, म्हणजे १९ लिटरची बॅच हवी तर सुरुवातीला २४ लिटर वर्ट (माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं, गोड पाणी) चढवावा लागतो. माल्ट ६६ अंशाला भिजवण्यापर्यंत अडचण नाही, पातेलं जुन्या रजईत गुंडाळलं की तासभर ऊब टिकते. घोडं अडतं ते उकळीला. गेल्या रविवारी काचेच्या इलेक्ट्रिक शेगडीवर पातेलं चढवलं. शेगडी मध्येच आपोआप बंद व्हायची, पुन्हा लागायची. झाकण ठेवलं की उकळी, काढलं की सगळं निपचित. आणि झाकून तर उकळता येत नाही, डायमिथाइल सल्फाइड वाफेबरोबर बाहेर गेलं नाही तर बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो. मी पिल्सनर माल्ट वापरतो, त्यात हा त्रास जास्तच. शिवाय एवढ्या वजनाने काच तडकेल ही धास्ती वेगळीच.

मनात आलेले पर्याय: १८०० वॉटची इंडक्शन शेगडी (पण माझं पातेलं अ‍ॅल्युमिनियमचं), किंवा कपड्यांच्या ड्रायरच्या २४० व्होल्टच्या प्लगवर ५५०० वॉटचं एलिमेंट (पण ड्रायर न्हाणीघराशेजारी, आणि घरमालक). पुण्याहून आणलेला पाणी तापवायचा १५०० वॉटचा रॉडही पडून आहे. तो चालेल का? बॅच अर्धी करा हे सांगू नका, अख्खा रविवार घालवून वीस-पंचवीस बाटल्या मिळाल्या तर जीव हळहळतो.

प्रतिसाद १
रॉड विसरा. २३० व्होल्टचा रॉड इथल्या १२० वर लावलात तर ताकद निम्मी नाही, जवळजवळ पावपट होते, म्हणजे ४०० वॉट. चहाचं आधण येईल. वर्ट आंबटसर असतो, रॉडवरचा मुलामा त्यात उतरू शकतो ते वेगळंच. इंडक्शनही एकट्याने पुरणार नाही. एक लिटर पाण्याची वाफ करायला ०.६३ युनिट वीज लागते. तुम्ही तासाला तीन लिटर आटवत असाल तर नुसत्या वाफेलाच १९०० वॉट हवेत, पातेल्याच्या अंगातून जाते ती उष्णता वेगळी.

प्रतिसाद २
मी शेगडी आणि स्टेनलेस स्टीलचं बुडवायचं एलिमेंट दोन्ही एकदम लावतो. एलिमेंट वेगळ्या सर्किटवर, जीएफसीआय (गळती होताच वीज तोडणारं संरक्षण) असलेल्याच प्लगमध्ये. वर्टमध्ये पूर्ण बुडल्याशिवाय चालू करू नका, नाहीतर जळतं. पातेल्याभोवती फॉइलचं इन्सुलेशन गुंडाळा, खरा फरक त्याने पडला. शेगडीच्या बाजूने ते पातेल्याच्या बुडापासून चार बोटं वरच ठेवा.

प्रतिसाद ३
१२ लिटर दाट वर्ट उकळा आणि आंबवणीच्या भांड्यात उकळून गार केलेलं पाणी घालून १९ करा. दाट वर्टमध्ये हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा) कडूपणा कमी उतरतो, तेव्हा हॉप्स थोडे वाढवा. बॅच अर्धी नाही, उकळी अर्धी.

धागाकर्ता
रॉडचा हिशोब वाचून स्वतःचंच हसू आलं. प्रतिसाद ३ येत्या रविवारीच करून बघतो, १२ लिटरला ही शेगडी पुरावी. पण माझा आयपीए (हॉप्स जास्त असलेली कडू बिअर) आहे, कडूपणा ६० आयबीयूच्या (बिअरचा कडूपणा मोजायचं एकक) आसपास हवा. हॉप्स अंदाजे किती टक्के वाढवू? आणि प्रतिसाद २, तुमचं एलिमेंट किती वॉटचं? स्वयंपाकघरातले दोन्ही प्लग एकाच १५ अँपिअरच्या ब्रेकरवर निघाले, म्हणजे वायर दिवाणखान्यातून ओढावी लागणार.