प्राध्यापकांना तंत्रज्ञान शिकवायचे ते कार्यशाळेत की वर्गात?

पार्लेकर (धागाकर्ती)

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका अनुदानित महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवते. अध्यापनात डिजिटल साधने वापरता यावीत म्हणून आम्हा प्राध्यापकांना आजवर जी मदत मिळाली, ती जवळजवळ सगळी कार्यशाळेच्या रूपात मिळाली. आधी अकॅडमिक स्टाफ कॉलेज, मग एचआरडीसी (मानव संसाधन विकास केंद्र) आणि २०२३ पासून मालवीय मिशनची केंद्रे, अशी या प्राध्यापक-प्रशिक्षण केंद्रांची नावे बदलत गेली. रीत मात्र तीच राहिली. आठवडा-दोन आठवडे हजेरी लावायची, पंधरा-वीस साधनांची ओळख करून घ्यायची आणि मिळालेले प्रमाणपत्र पदोन्नतीच्या फायलीत लावायचे. तेथील व्याख्याते मनापासून शिकवतात, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु परतल्यावर सोमवारी प्रथम वर्षाच्या वर्गात नेमके काय करायचे, हे मला एकाही कार्यशाळेतून कळले नाही.

फरक पडला तो वेगळ्याच वाटेने. ‘मागणीचा संकोच’ आणि ‘मागणीतील घट’ यांतला भेद मी दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी उत्तरपत्रिकांत तीच गल्लत सापडते. गेल्या वर्षी संगणकशास्त्र विभागातील एक तरुण सहकारी दोन आठवडे माझ्या तासांना मागच्या बाकावर येऊन बसला. त्याने आल्याआल्या कोणतेही साधन सुचवले नाही. मुले कुठे अडतात, एवढेच विचारले. मग आम्ही दोघांनी मिळून एकच प्रश्न तयार केला. कांद्याचा भाव वाढल्यामुळे घरोघरी कांदा कमी घेतला जाऊ लागला, तर हा संकोच की घट? मुलांनी मोबाइलवरून, नाव न देता, उत्तर पाठवले. पडद्यावर स्तंभ उमटले तेव्हा निम्म्याहून अधिक वर्गाने ‘घट’ निवडल्याचे दिसले. बरोबर उत्तर न सांगता मी त्यांना शेजाऱ्याशी दोन मिनिटे बोलायला लावले आणि पुन्हा मत घेतले. या वेळी ‘संकोच’चा स्तंभ बराच वर गेला. त्यानंतर जिओजेब्रा या गणिती आकृत्यांच्या संगणकप्रणालीवर त्याने करून दिलेली मागणीची आकृती लावली. किंमत बदलली की बिंदू मागणीच्या त्याच रेषेवर वरखाली होतो आणि उत्पन्नाचा स्लायडर सरकवला की अख्खी रेषाच जागा सोडते. एक मुलगी अभावितपणे म्हणाली, “मॅडम, म्हणजे घट म्हणजे रेषाच हलली पाहिजे!”

म्हणून माझे मत असे आहे, की प्रत्येक महाविद्यालयात निम्मा कार्यभार याच कामासाठी मोकळा ठेवलेली एक व्यक्ती असावी, तिने एका सत्रात मोजक्या प्राध्यापकांच्या वर्गात बसावे आणि त्यांच्याच अभ्यासक्रमातील एका घटकावर त्यांच्याबरोबर काम करावे. कार्यशाळांवरील खर्च त्याकडे वळवावा.

दादरकर

मॅडम, आपली तळमळ पटते, निष्कर्ष पटत नाही. मी तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवत आहे. आपल्या वर्गात जे घडले ते मोबाइलमुळे घडलेले नाही. आधी प्रश्न, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा मत, ही रीत हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मेझर यांनी १९९० च्या दशकात रूढ केली आणि ती रंगीत कार्डांनीही तितकीच चांगली चालते. चार रंगांचे कार्डपेपर आणून कापले की झाले. मग यात तंत्रज्ञानाचे श्रेय किती आणि चांगल्या प्रश्नाचे किती?

दुसरे असे, की आपला तास ४८ मिनिटांचा असतो आणि एका तुकडीत १२० मुले असतात. तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गातील प्रोजेक्टरला जुनी व्हीजीए केबल आणि माझ्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआयचे तोंड, म्हणून प्रयोगशाळेतील परिचराला जोडणी आणायला खाली पाठवावे लागते. तो परत येईपर्यंत दहा मिनिटे गेलेली असतात. ज्या विभागात मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी आहेत, तिथे निम्म्या कार्यभाराची माणसे आणायची कुठून? आधी पदे भरा, वर्ग लहान करा, केबल द्या. शिक्षकांना तयार न करता वरून तंत्रज्ञान आणले की काय होते, हे मुंबई विद्यापीठाने २०१७ साली पाहिले आहे. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घाईने अमलात आला, निकाल महिनोन्‌महिने लांबले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

पार्लेकर

सर, २०१७ चे उदाहरण मला माझ्याच बाजूचे वाटते. तिथे यंत्रणा होती, शिक्षकाच्या शेजारी बसणारे कोणी नव्हते.

कार्डांबद्दल आपण म्हणता ते बहुतांशी खरे आहे आणि शेजारी बसणाऱ्या माणसाला हे ठाऊक असलेच पाहिजे. जिथे कार्ड पुरते तिथे त्याने कार्डच सुचवावे. तरीही एक फरक राहतो. कार्ड वर करताना मूल आधी आजूबाजूला पाहते. मराठी माध्यमातून आलेली, इंग्रजीच्या धाकाने शेवटच्या बाकावर बसणारी माझी मुले बहुसंख्येचा रंग पाहूनच हात वर करतात; मोबाइलवर ती स्वतःचे उत्तर देतात. शिवाय ते उत्तर नोंदलेले राहते, त्यामुळे पुढच्या तासाची आखणी मला घरी बसून करता येते. पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोलर यांनी २००६ साली मांडलेला विचार हाच आहे, की विषयाचे, अध्यापनाचे आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान सुटेसुटे देऊन भागत नाही. शिक्षकाला त्यांचा सांधा जुळवता आला पाहिजे. हा सांधा प्रत्येक विषयात, किंबहुना प्रत्येक घटकात वेगळा असतो.

कल्याणची लोकल

आपल्या दोघांच्याही बोलण्यात आमच्यासारखे लोक कुठेच नाहीत, म्हणून लिहितो. मी तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत इतिहास शिकवतो. सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे, मधला वेळ लोकलमध्ये. मोबदला फक्त घेतलेल्या तासांचा मिळतो. तयारीचा वेळ कोणाच्याच हिशेबात नाही. कार्यशाळेला गेलो तर त्या दिवसांचे तास बुडतात, म्हणजे पैसे बुडतात. कायम प्राध्यापकांना त्यासाठी कर्तव्य रजा मिळते. एका महाविद्यालयाच्या प्रणालीत मी सत्रभर नकाशे, छायाचित्रे आणि प्रश्नसंच चढवले होते. नेमणूक संपल्यावर खाते बंद झाले आणि ते सगळे साहित्य माझ्या हातून गेले. पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी पुन्हा नेमणूक झाली तेव्हा खाते नवे आणि रिकामे मिळाले.

मॅडमची कल्पना मला हवी आहे, परंतु त्या मदतनिसाबरोबर बसण्याचे तास आम्हाला मोबदल्यासह मिळणार नसतील, तर ती मदतही कायम पदावरच्यांनाच मिळेल.

पवई

कार्यशाळांना सरसकट निरुपयोगी ठरवणे अन्यायाचे आहे. आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली दहा हजार शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचा जो प्रकल्प झाला, त्यात पवईतील व्याख्यान देशभरातील केंद्रांवर थेट पोहोचत असे. गावोगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील ज्या शिक्षकांना आयआयटीची पायरीही चढता आली नसती, ते त्यात प्रश्न विचारत होते. तिथल्याच स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाचे, संगणकप्रणाली शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ मराठीतही आहेत. ऐकायचे, थांबवायचे आणि शेजारच्या खिडकीत स्वतः करून पाहायचे. मुंबई विद्यापीठाला शेकडो महाविद्यालये संलग्न आहेत. प्रत्येकाच्या मागच्या बाकावर माणूस बसवायचा झाला, तर या पिढीत ते काम पुरे होणार नाही.

पार्लेकर

तो प्रकल्प मलाही आदराचा वाटतो, परंतु तो केवळ प्रक्षेपणावर उभा नव्हता. प्रत्येक दूरस्थ केंद्रावर एक समन्वयक होता. त्याला आधी वेगळे प्रशिक्षण दिले जाई आणि प्रात्यक्षिके तो स्थानिक पातळीवर, शिक्षकांच्या शेजारी उभा राहून करून घेई. पवईचे व्याख्यान पोहोचले ते त्या माणसामुळे. मी मागते ती व्यक्ती हीच आहे, फक्त ती दोन आठवड्यांनी निघून जाऊ नये.

कल्याणच्या सरांचे म्हणणे मला सुचायला हवे होते. आमच्या महाविद्यालयापुढे मी जो प्रस्ताव ठेवणार आहे, त्यात आता दोन कलमे वाढवते. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांचे असे तास शिकवण्याच्या तासांइतक्याच मोबदल्याचे धरावेत आणि त्यांनी तयार केलेल्या साहित्याची प्रत नेमणूक संपताना त्यांच्या हाती द्यावी.

दादरकर सर, आपल्याला एक विचारते. असा सहकारी उद्या आपल्या वर्गात आला, तर आपण त्याला कोणता घटक द्याल?

दादरकर

प्रश्न सरळ आहे, तेव्हा सरळ उत्तर देतो. रासायनिक समतोल. समतोल आला की अभिक्रिया थांबते, असे बहुतेक मुलांना वाटते. दोन्ही दिशांच्या अभिक्रिया चालूच राहतात, फक्त त्यांचे वेग सारखे होतात, हे मी फळ्यावर दोन बाण काढून सांगतो. मुले बाण उतरवून घेतात आणि परीक्षेत ‘अभिक्रिया थांबते’ असेच लिहितात. हलणारे रेणू दाखवल्याशिवाय हे समजणार नाही आणि कार्डांनी ते दाखवता येत नाही, हे मी मान्य करतो. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातील अनुरूपणे, म्हणजे संगणकावरची हलती प्रतिरूपे, मी पाहिली आहेत, त्यांतील काही मराठीतही आहेत. परंतु ती नेमकी कुठे थांबवायची आणि थांबवून काय विचारायचे, हे मला अजून बसवता आलेले नाही. त्यासाठी कोणी दोन आठवडे बसणार असेल तर मी त्याला बाक रिकामा ठेवीन.

माझी अट मात्र कायम आहे. त्याचा निम्मा कार्यभार वेळापत्रकात छापलेला असावा आणि त्याचे उरलेले तास घ्यायला त्याच्या विभागात माणूस नेमलेला असावा. तरुण सहकाऱ्याच्या चांगुलपणावर ही व्यवस्था उभी राहणार असेल, तर तिला माझा विरोध राहील.