दम लागला नाही म्हणजे ऑक्सिजन पुरेसा आहे, असं नाही

‘ऑक्सिजन कमी पडला की जीव घाबरा होतो, शरीर लगेच इशारा देतं’ असं बरेच जण समजतात, ते अर्धंच खरं आहे. श्वास रोखल्यावर जीव कासावीस होतो तो मुख्यतः रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. त्याने रक्तातली आम्लता वाढते आणि मेंदूच्या तळाशी असलेलं श्वसनकेंद्र जागं होतं. ऑक्सिजन बराच खाली गेल्याशिवाय तशी घालमेल होत नाही.

हे मुद्दाम लिहितोय, कारण आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या पावसात, बाळंतिणीच्या खोलीत अजून कोळशाची शेगडी ठेवतात. वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या बंद, बाजेखाली निखारे, वर ओवा-शेपांची धुरी. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास, ना रंग. फुफ्फुसातल्या वायुकोशांतून तो रक्तात उतरतो आणि रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. कार्बन डायऑक्साइड मात्र नेहमीसारखा बाहेर पडत राहतो, त्यामुळे गुदमरल्यासारखं वाटतच नाही. आमच्या वहिनीचं नुसतं डोकं ठणकायचं, मळमळायचं. घरच्यांनी ते बाळंतपणाच्या अशक्तपणावर घातलं. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायच्या ऑक्सिमीटरवर आकडा ९८ टक्के! त्या यंत्राला हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसलाय की मोनॉक्साइड, हे ओळखता येत नाही. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते.

शेक द्यायचाच असेल तर निखारे बाहेर ठेवून कापड गरम करून आणा, आणि एक खिडकी उघडी राहू द्या.