मेकॅनिकल की इलेक्ट्रॉनिक्स? तुमचे अनुभव लिहा

शाखा निवडायची वेळ आली की गाडी ‘स्कोप कशाला जास्त’ इथेच अडते. शिकताना आणि पुढे कामात डोकं नेमकं कशात गुंततं, हे फारसं कुणी सांगत नाही. ज्यांनी यातली एक शाखा घेतली, त्यांनी तेवढंच लिहावं.

मेकॅनिकल, उत्पादन विभाग
मला मापाची ओढ. मशीनवरून उतरवलेला गरम शाफ्ट लगेच मायक्रोमीटरने मोजायचा नसतो. 100 मिमी व्यासाचा पोलादी शाफ्ट 10 अंशांनी तापला तर साधारण 12 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फुगतो, आणि एच-6 टॉलरन्समध्ये, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाच्या एका ठरीव श्रेणीत, मुभा असते अवघी 22 मायक्रॉनची. म्हणून तर मापं 20 अंश सेल्सिअसला धरतात. पुस्तकातलं प्रसरण असं हाताखाली येतं तेव्हा फार समाधान वाटतं. ज्याला वस्तू हातात घेऊन विचार करायला आवडतो त्याने खुशाल मेकॅनिकल घ्यावं. फक्त थर्मोडायनॅमिक्स मनापासून करा, एन्ट्रॉपी पाठ करून भागत नाही.

इलेक्ट्रॉनिक्स, सर्किट डिझाइन
आमच्याकडे बिघाड दिसतच नाही. एका बोर्डवर मोटर सुरू झाली की मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम चालवणारी चिप) रीसेट व्हायचा. प्रोग्राम बरोबर, सोल्डरिंगही बरोबर. ऑसिलोस्कोपचा (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) प्रोब सप्लायच्या पिनवर धरला तेव्हा कळलं, मोटर उचल घेताना व्होल्टेज क्षणभर कोसळत होतं. मोटरचा सप्लाय वेगळा केला, चिपच्या पिनला अगदी खेटून 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवला, आणि रीसेट थांबलं. असा माग काढण्यात मी तहानभूक विसरते. गणिताचा कंटाळा असेल तर मात्र जड जाईल. फूरिए आणि लाप्लास ही गणितातली रूपांतरं शेवटपर्यंत सोबत असतात.

मेकॅनिकल, सध्या कंट्रोल सिस्टिम
दोन्हींमधली भिंत वाटते तेवढी जाड नाही. स्प्रिंगला टांगलेलं वजन आणि सीरीज आरएलसी सर्किट (रोध, इंडक्टर, कपॅसिटर एका रांगेत जोडलेलं), दोघांचं समीकरण एकच! वस्तुमानाच्या जागी इंडक्टन्स येतो, डॅम्परच्या (हालचाल मंदावणाऱ्या भागाच्या) जागी रोध. व्हायब्रेशन्स पक्कं होतं म्हणून मला कंट्रोल (यंत्रणा आपोआप हवी तशी चालवण्याचा विषय) सोपं गेलं.

इलेक्ट्रॉनिक्स, पॉवर सप्लाय
चिपची उष्णता बाहेर कशी काढायची यावर आमच्या निम्म्या बैठका होतात, आणि तिथे मेकॅनिकलवाल्यांचं ऐकावंच लागतं.

रोबोटिक्ससाठी विचारणाऱ्यांना: सांधे, गिअर, भार यांत रस असेल तर मेकॅनिकल, सेन्सर आणि मोटर ड्राइव्हमध्ये असेल तर इलेक्ट्रॉनिक्स. प्रोग्रामिंग दोन्हीकडे शिकावंच लागेल.